बगळ्यांसाठी देव पाण्यात

माझ्या सासूबाई, जयमाला पोतनीस, चिंचवडला महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होत्या. नळाला पाणी का आलं नाही, असा जाब विचारायला तावातावाने आलेला माणूस त्यांच्या टेबलासमोर जरा वेळ उभा राहिला, की आपल्याच घरातला नळ उलटा बसवला असावा अशा समजुतीने परत जायचा. त्यांनी एकदा नाही म्हटलं की नाही. आणि एकदा शब्द दिला की टँकरशेजारी स्वतः उभं राहून तो रिकामा करून घेणार. अशा बाईने देव पाण्यात ठेवले तर काय होईल, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला तरी कळायला हवं होतं.

अमका तमका देव पाण्यात घालून बसलाय, असं आपण सहज म्हणतो. बारावीचा निकाल असो नाहीतर क्रिकेटची फायनल. मीही म्हणत आले. पण खरेखुरे देव खऱ्याखुऱ्या पाण्यात ठेवून बसलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि तीही माझ्याच स्वयंपाकघरात. कशासाठी, तर जपानमधल्या एका बेसबॉल संघासाठी.

आम्ही तोक्योत निशी-कसाईला राहत होतो. मी, माझा नवरा जयेश, आठ वर्षांची तन्वी आणि सासरे गेल्यापासून आमच्याकडे आलेल्या सासूबाई. जयेश सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे घरात असूनही नसतो. घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात एक शेगडी, आणि पोळ्या लाटायच्या तर सिंकवर फळी टाकून त्यावर पोळपाट ठेवायचा. त्यामुळे पोळ्या चालू असताना कुणी हात धुवायचा नाही. अशी सात वर्षं काढल्यावर आम्ही कोतो भागात, तोयोचो स्टेशनजवळ, नवीन फ्लॅट घेतला. तीन शेगड्या, खाली मासे भाजायची जाळी, जिच्यावर मी पापड भाजणार होते, आणि लांबच्या लांब ओटा. एप्रिलमध्ये चावी मिळायची होती. मी रात्री झोपेत त्या ओट्यावरून हात फिरवायचे असं जयेश म्हणतो.

सासूबाईंना मात्र निशी-कसाई सोडायचं नव्हतं. तसं त्या तोंडाने कधी म्हणाल्या नाहीत. तोयोचो तिथून दोन स्टेशनं. पण सासूबाई एकट्या ट्रेनने जात नसत. चिंचवडला अख्खं खातं चालवलेली बाई इथल्या स्टेशनात शिरली की जयेशचा शर्ट धरून चालायची. त्यामुळे दोन स्टेशनं काय आणि दोन देश काय, त्यांच्या हिशेबी सारखंच. एकट्याने जाण्यासारखं त्यांचं जगात एकच ठिकाण होतं, ते म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचं तोकुनागाबाईंचं घर.

तोकुनागाबाई ऐंशीच्या आसपासच्या. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, ते नवऱ्याबरोबरच गेलं. दोघींची ओळख झाली ती निर्माल्यावरून. सासूबाईंनी देवाची फुलं कचऱ्यात, आणि तीही चुकीच्या वारी ठेवली, म्हणून तोकुनागाबाई ती पिशवी घेऊन वर आल्या. ही जाळायच्या कचऱ्यातली आहेत, असं त्यांनी खुणेने सांगितलं. देवाची फुलं जाळायची या कल्पनेने सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. ते बघून तोकुनागाबाईंनी पिशवी मुकाट्याने खाली नेली आणि आपल्या कुंड्यांत पुरली. त्या दिवसापासून त्या तोकूताई झाल्या.

एकीला मराठी येत होतं, दुसरीला जपानी. दोघी आपापल्या भाषेत तासन् तास बोलायच्या आणि फारच अडलं तर तन्वीला हाक मारायच्या. तोकूताईंचा एक नियम होता. काम असल्याशिवाय त्या कुणाच्या दारी जात नसत. शेजारीण म्हणून उगीच डोकावणं त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणून सासूबाई डबा भरून खाली पाठवायच्या आणि तो धुऊन परत द्यायला तोकूताई वर यायच्या. मग त्यांच्याबरोबर दुसरा डबा खाली जायचा. आमच्याकडे डब्यांची कायमची टंचाई असे ती यामुळे.

या तोकूताई बे हेरॉन्स नावाच्या बेसबॉल संघाच्या भक्त. हेरॉन म्हणजे बगळा, एवढं तन्वीने सांगितल्यावर सासूबाई त्या संघाला सरळ बगळेच म्हणू लागल्या. हे बगळे लीगमध्ये शेवटचे किंवा शेवटून दुसरे यायचे. पहिले आले होते ते तोकूताईंचा नवरा तरुण असताना कधीतरी.

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटी हंगामातला पहिला सामना झाला. सासूबाई तो बघायला खाली गेल्या होत्या, तन्वी सोबतीला. बगळे जिंकता जिंकता शेवटच्या डावात हरले. तोकूताईंनी टीव्ही बंद केला, गळ्यातला संघाचा टॉवेल काढला, काठाला काठ जुळवून त्याची घडी केली, त्याच घडीने डोळे टिपले आणि सासूबाईंपुढे चहा ठेवला. मोठ्याने रडल्या असत्या तर सासूबाईंनी चार शब्द सुनावून गप्प केलं असतं. त्या घडीने घात केला. सासूबाई उठल्या आणि तन्वीला म्हणाल्या, "सांग तिला. तुमचे बगळे पहिले येईपर्यंत माझे देव पाण्यात."

तन्वीने सांगितलं. त्या पोरीला मराठीतून अभ्यास कर म्हटलं की एक अक्षर कळत नाही, पण हे तिने शब्द न् शब्द पोचवलं. तोकूताई तातामीच्या चटईवर कपाळ टेकेपर्यंत वाकल्या. झालं. देवाला दिलेला शब्द एक वेळ नारळावर भागवता येतो. समोरच्या बाईने कपाळ टेकून स्वीकारलेला शब्द मागे कसा घेणार?

सासूबाई वर आल्या आणि त्यांनी माझं इडलीचं पातेलं काढलं. त्यात पाणी भरून गणपती, अन्नपूर्णा, महालक्ष्मी, खंडोबाचा टाक आणि रांगता बाळकृष्ण असे सगळे एकामागून एक आत सोडले. बाळकृष्ण तळाशी जाऊन आडवा झाला. मी विचारलं हे किती दिवस, तर म्हणाल्या की असेल आठ-पंधरा दिवस. क्रिकेटचा वर्ल्ड कपसुद्धा दीड महिन्यात आटपतो, आणि हे जपानी लोक तर वक्तशीर.

जयेशने मोबाइलमधून डोकं न काढता सांगितलं की हा हंगाम ऑक्टोबरपर्यंत चालतो. जवळपास रोज एक सामना, सोमवार सोडून.

सासूबाईंनी पातेल्यात आणखी एक तांब्या पाणी ओतलं. मग म्हणाल्या, "मग ऑक्टोबर."

आता खरी गोम अशी की देव पाण्यात असताना घरात मंगलकार्य करायचं नाही. म्हणजे नवीन घराची वास्तुशांत नाही, म्हणजे गृहप्रवेश नाही, म्हणजे माझा ओटा नाही. एप्रिलमध्ये चावी मिळाली. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त आला तसा गेला. मी चिंचवडच्या अवधूत गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला आणि देव बाहेर काढता येतील का म्हणून विचारलं. गुरुजींनी कशासाठी ठेवलेत ते विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. नवस पुरा झाल्याशिवाय काढणं बरं नव्हे, असं म्हणाले. बेसबॉलचा उल्लेख शास्त्रात कुठे नाही, पण पाण्याचा आहे.

तेव्हा बगळे पहिले येणं ही माझी स्वतःची गरज होऊन बसली. ज्या खेळात माणूस चेंडू मारून बॅट फेकून देतो तो खेळ मला बघवत नसे. तीच मी तोकूताईंच्या खोलीत जाऊन बसू लागले. हळूहळू मला कळू लागलं. दहापैकी तीन वेळा बरा मारणारा खेळाडू या खेळात मोठा मानतात. दहापैकी तीन पोळ्या धड करणारी सून कुठल्या घरात मोठी मानतात ते मला कुणी सांगावं. आमच्या बगळ्यांना तीनसुद्धा जमत नव्हतं. मे महिन्यात ते तळाला होते. त्यांचा कुमागाई नावाचा एक धिप्पाड फलंदाज होता, तो बॅट अशी फिरवायचा की आमच्या घरात वारा यावा. पण चेंडू लागायचा नाही. मी त्याला घरबसल्या इतक्या शिव्या दिल्या की तन्वी शाळेत जाऊन त्यातल्या दोन म्हणून आली.

सासूबाई त्या काळात अगदी प्रसन्न होत्या. सकाळी उठून पातेल्यातलं पाणी बदलायचं, देवांना फूल वाहायचं आणि खाली जायचं. बगळे हरले की त्या तोकूताईंच्या पाठीवरून हात फिरवायच्या, आणि वर येऊन माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायच्या. त्या सुस्काऱ्यात समाधान होतं. मी इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आहेत, मला सुस्काऱ्यांतला फरक कळतो. शब्द दिला तेव्हा त्या भाबडेपणाने देऊन बसल्या होत्या, हे मी मान्य करते. पण मे संपेपर्यंत त्यातली सोय त्यांच्या पुरेपूर लक्षात आली होती. बगळे हरताहेत तोवर देव पाण्यात, देव पाण्यात तोवर आपण निशी-कसाईत, आणि आपण निशी-कसाईत तोवर तोकूताई एक जिना खाली.

जूनमध्ये बगळ्यांना काय झालं कुणास ठाऊक. ते जिंकायला लागले. आधी एक, मग लागोपाठ आठ. तोकूताईंनी ही बातमी त्यांच्या समर्थक मंडळात सांगितली होतीच, की आमच्या वरच्या मजल्यावरच्या इंडियन बाईंनी आपल्यासाठी देव पाण्यात ठेवले आहेत. एका रविवारी दारात सहा माणसं उभी. सगळ्यांच्या अंगावर बगळ्यांचे शर्ट, हातात खाऊच्या पिशव्या. दर्शन घेता येईल का, असं फार संकोचाने विचारत होती. मी त्यांना आत घेतलं. त्यांनी बूट ओळीने लावले, एकेक जण त्या टीचभर स्वयंपाकघरात शिरला, पातेल्यापुढे जपानी देवळात करतात तसा दोनदा वाकला, दोन टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा वाकला. एकाने तळाशी आडव्या पडलेल्या बाळकृष्णाबद्दल काळजी व्यक्त केली. तन्वीने त्याला सांगितलं की तो रांगता आहे, त्याला चालतं.

पुढच्या रविवारी ते पाणी घेऊन आले. जपानी माणूस कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही, आणि पाण्यातल्या देवाला न्यायचं तरी काय? कुणी फुजीच्या पायथ्याच्या झऱ्याचं आणलं, कुणी आजोळच्या विहिरीचं, एकाने तर होक्काइदोहून बर्फ वितळवून. बाटल्यांना रिबिनी. सासूबाईंनी प्रत्येक बाटलीतलं पाणी कपात ओतून, उजेडाकडे धरून, चव घेऊन बघितलं. खात्यातली सवय. हे जड आहे, हे बोअरचं दिसतंय, यात गाळ आहे, असा त्यांनी शेरा दिला आणि देवांना पुन्हा नळाचंच पाणी घातलं. क्लोरीन असलेलं बरं म्हणाल्या. सगळ्या भारी पाण्याचं मी वरण केलं. तूर चांगली शिजली.

तोकूताईंकडे मैदानातल्या दोन खुर्च्यांचा वर्षभराचा पास असायचा. एक त्यांची आणि एक नवऱ्याची. नवरा गेल्यावरही त्या दोन्ही घेत होत्या आणि त्याच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवत होत्या. जुलैपासून त्यांनी ती पिशवी मांडीवर घेतली आणि खुर्ची सासूबाईंना दिली. समर्थक मंडळातलं कुणीतरी दोघींना गाडीने नेऊन आणायचं. मला हे तन्वीकडून कळलं तेव्हा फार बरं वाटलं, आणि त्या दिवशी मी कुमागाईला एकही शिवी दिली नाही.

मैदानात सासूबाईंचे वेगळेच प्रश्न. बियर विकणाऱ्या मुली पाठीवर टाकी आणि हातात नळी घेऊन फिरतात, त्या त्यांना द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या वाटल्या आणि त्यांनी डब्यावर झाकण घातलं. शिवाय तिथली शिस्त. आपला संघ बॅटिंग करत असेल तेव्हाच ओरडायचं, गाणी म्हणायची, तुताऱ्या फुंकायच्या. समोरचा संघ खेळायला आला की अळीमिळी गुपचिळी, भात खा. सासूबाईंना हे पटेना. मनातून बगळे हरावेत म्हणायचं आणि तोकूताईंच्या शेजारी बगळे जिंकावेत असा चेहरा करायचा, हे दुहेरी काम त्यांना जड जात होतं. त्यांनी आरतीच्या ठेक्यात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तुतारीवाल्या पुढाऱ्याने, पांढरे हातमोजे घातलेला गंभीर माणूस तो, मागे वळून बघितलं. त्याला वाटलं ही नवी पद्धत आहे. ऑगस्टपर्यंत उजवीकडची अख्खी गॅलरी कुमागाई आला की आरतीच्या ठेक्यात टाळ्या वाजवत होती, आणि त्याचे चेंडू कुंपणापार जाऊ लागले होते.

सासूबाईंचं जेवण कमी झालं. बगळे दुसऱ्या नंबरावर होते. त्यांच्या पुढे फक्त हारिमा हॉर्नेट्स, म्हणजे सासूबाईंच्या भाषेत गांधीलमाश्या. एकदा मी पातेल्याजवळ उभी असताना त्या हळूच पाण्याला म्हणाल्या की एवढी घाई कशाला, पुढचं वर्ष आहेच की. मला त्यांचा राग आला. मी सरळ विचारलं की आई, तुम्हाला नवीन घरी यायचं नाहीये ना? त्या म्हणाल्या, यायचं आहे, का नाही यायचं, मुलगा नेईल तिथे आई जाणार. आणि मग पातेल्यातलं एक पान काढायच्या निमित्ताने पाठ फिरवून म्हणाल्या, "तिथे गेल्यावर ती कशाला येईल? तिला काम काय असणार माझ्याकडे?"

मला ओटा हवा होता. मी तो हवा असणं थांबवलं नाही, आणि त्यांचं वाईट वाटणंही थांबेना. दोन्ही एकाच वेळी पोटात ठेवून मी सप्टेंबर काढला. मधे गणपती आले. शाडूचा गणपती बसला, त्याला मोदक झाले, आणि नैवेद्याचं ताट पातेल्यावरून फिरवून आतल्यांनाही दाखवलं. विसर्जनाच्या दिवशी बादलीत एक गणपती, पातेल्यात एक. त्या दिवशी घरात कोरडा असा देव उरला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, भर दुपारी, हंगामातला शेवटचा सामना. बगळे विरुद्ध गांधीलमाश्या. बगळे जिंकले तर पहिले. हरले किंवा बरोबरी झाली तर गांधीलमाश्या पहिल्या. आम्ही सगळे गेलो. जयेशचा साहेब गांधीलमाश्यांचा समर्थक, म्हणून जयेशने टोपी आणि मास्क घातला होता.

नऊ डाव झाले, तीन-तीन. बेसबॉलमध्ये बरोबरी झाली की आणखी डाव खेळतात, पण जपानात बाराव्या डावापाशी थांबतात. त्यानंतर कुणी जिंकलं नसेल तर नमस्कार करून घरी. बारावा डाव आला, गांधीलमाश्यांना काही करता आलं नाही, आणि शेवटची बॅटिंग बगळ्यांची. एक जण तिसऱ्या थांब्यापर्यंत पोचला. तो तिथून धावत सुरुवातीच्या जागी, बेसबॉलच्या भाषेत घरी, परतला की सामना आपला, लीग आपली. दोन बाद झालेले, तिसरा बाद की डाव संपला. आणि खेळायला आला कुमागाई.

अख्खी गॅलरी आरतीच्या ठेक्यात वाजू लागली. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या तोकूताईंकडे बघत होत्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. मी शेजारीच होते, मला स्पष्ट ऐकू आलं. "जिंकू दे रे बाबा," त्या म्हणाल्या. "जातो आम्ही तोयोचोला."

मला रडू आलं. जे मला मार्चपासून हवं होतं तेच त्या मागत होत्या, आणि आता मला ते हवं की नको तेच कळेना.

कुमागाईने मारला. चेंडू उंच गेला, कुंपणाच्या दिशेने गेला, सगळे उभे राहिले. कुंपणाला पाठ लावून गांधीलमाश्यांच्या एका बारीकशा पोराने तो झेलला.

सामना बरोबरीत. बगळे दुसरे.

आजूबाजूला लोक टॉवेलांच्या घड्या करू लागले. तोकूताई मात्र हुंदके देऊन रडत होत्या. इतकी वर्षं घडीवर भागवलेलं सगळं एकदम बाहेर आल्यासारखं. सासूबाईंनी त्यांना जवळ घेतलं आणि पुढच्या वर्षी नक्की, असं काहीतरी म्हणू लागल्या. तोकूताई मान हलवत राहिल्या आणि तन्वीचा हात धरून भराभर काहीतरी बोलल्या. तन्वी शेंगा खात होती. तिने तोंडातलं गिळलं आणि सांगितलं.

"आजी, ती म्हणते की ती देवाला सांगत होती हरू दे. कारण जिंकले तर तू जाशील. ती म्हणते, माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसून तू टाळ्या वाजवत होतीस आणि मी असं मागितलं. ती सॉरी म्हणते."

सासूबाईंनी तोकूताईंच्याच टॉवेलने त्यांचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "सांग तिला, मी म्हणत होते जिंकू दे."

तन्वीने सांगितलं. मग दोघींकडे आळीपाळीने बघून, आधी जपानीत आणि मग मराठीत, ती म्हणाली, "मग देव काय करणार? ड्रॉच ना."

आधी तोकूताई हसल्या, मग सासूबाई. हसता हसता पुन्हा रडल्या. तुतारीवाल्या गंभीर माणसाला वाटलं बगळ्यांच्या दुःखाने बायका कोलमडल्या. त्याने हातमोजे काढून दोघींना पाणी पाजलं. फुजीचं होतं.

आता देवांचं काय? शब्द पहिल्या नंबराचा होता, दुसऱ्याचा नाही. म्हणजे पुढचा हंगाम. माझा ओटा आणखी एक वर्ष लांब. घरी येऊन मी पातेल्यापुढे उभी राहिले आणि माझं डोकं फिरलं. मी अवधूत गुरुजींना फोन लावला आणि म्हटलं, देव बाहेर काढायचेच नाहीत, पाण्यासकट पातेलं उचलून नवीन घरी नेलं तर? गुरुजी म्हणाले, चालेल की, वहिनी. कलशात तरी काय असतं? पाणीच ना. मी विचारलं की मग हे एप्रिलमध्ये का नाही सांगितलंत. तर म्हणतात, एप्रिलमध्ये तुम्ही देव बाहेर काढायचे का असं विचारलंत.

मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा पडायच्या आत पुढचंही सांगितलं. नवस दोघींचा आहे. शब्द तुम्ही दिलात, घेतला तोकूताईंनी. तेव्हा देवांचं पाणी बदलायचं काम यापुढे त्यांचं. तुमची कंबर आता पातेलं उचलण्यासारखी राहिलेली नाही.

सासूबाईंच्या कंबरेला तोवर काही झालेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि लगेच कंबरेवर हात ठेवून खाली बसल्या. दुखतं खरं गं, म्हणाल्या. तन्वीला खाली पाठवलं. तोकूताई वर आल्या, सगळं ऐकलं आणि पुन्हा एकदा कपाळ टेकेपर्यंत वाकल्या. मला वाटलं, झालं, आता माझा ओटा कुणाच्या बापाला अडवता येणार नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमचा गृहप्रवेश झाला. सामान टेम्पोने गेलं, देव तोझाई लाइनच्या ट्रेनने. तोकूताईंनी पातेलं मांडीवर घेतलं होतं, झाकणावरून बगळ्यांचा टॉवेल बांधलेला. सासूबाई शेजारी. जयेशने शर्ट पुढे केला होता, पण त्यांनी या वेळी तोकूताईंचं कोपर धरलं. निशी-कसाई स्टेशनवर समर्थक मंडळ निरोपाला आलं होतं. फलाटावर आवाज करायचा नाही असा नियम असल्याने तुतारीवाल्याने तुतारी ओठाला लावून नुसतीच बोटं हलवली, आणि बाकीचे आवाज न करता टाळ्या वाजवत होते. डब्यातल्या एका आजोबांनी पातेल्यात काय आहे विचारलं. तोकूताईंनी त्यांना उतरेपर्यंत सांगितलं.

आता दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी इंटरकॉम वाजतो. तोकूताई येतात, एप्रन बांधतात, पातेल्यातलं पाणी बदलतात, पाच देव मोजून घेतात, बाळकृष्णाला जरा सरळ करतात. कामाला जेमतेम दहा मिनिटं लागतात. त्या परत जातात संध्याकाळी. माझ्या तीन शेगड्यांपैकी दोन दिवसभर त्या दोघींकडे असतात, आणि मासे भाजायच्या जाळीवर मासेच भाजले जातात. मी इडलीचं दुसरं पातेलं घेतलं.

यंदाचा हंगाम मार्चमध्ये सुरू झाला. कुमागाई पुन्हा वारा घालू लागला आहे आणि बगळे पाचव्या नंबरावर आहेत. परवा ते आणखी एक सामना हरले. दोघी टीव्हीसमोर बसल्या होत्या. तोकूताईंनी टॉवेलची घडी केली, सासूबाईंनी सुस्कारा टाकला, आणि मग बुधवारी जेवायला काय करायचं यावर त्या बोलत बसल्या.